स्वयंसेवकांची पाहणी कशी करावी, आणि तक्ता हातात आल्यावर तो कसा वाचावा

कुठल्याही संस्थेच्या बैठकीला जाऊन बसा, दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. "हल्लीची तरुण मंडळी कशात नसतात" आणि "त्या भागातून कुणी येतच नाही हो, आपण काय करणार." पुरावा काय, तर हजेरीचं रजिस्टर. रजिस्टरात आलेल्यांची नावं असतात. न आलेल्यांना कुणी काही विचारलेलंच नसतं.

मी अशा संस्थांना पाहण्या करून देते. प्रश्नावली लिहायची, घरोघर जाणाऱ्या मुलामुलींना शिकवायचं, भरून आलेले फॉर्म तपासायचे आणि शेवटी तक्ते काढायचे, असं हे काम. हाताशी सरकारी यंत्रणा नसते. चार-सहा उत्साही माणसं, एक लॅपटॉप आणि एक्सेल एवढ्यावर भागवायचं असतं. आपल्या परिसरातली, कंपनीतली किंवा सभासदांमधली प्रौढ माणसं स्वयंसेवा किती आणि कशी करतात, हे शे-दोनशे ते हजारभर लोकांना विचारून ज्यांना बघायचंय त्यांच्यासाठी हे लिहितेय.

माझा एक हट्ट आहे, तो आधीच सांगून टाकते. प्रश्नावलीत बाकी थोडं कमी-जास्त झालं तरी चालेल, पण "मागच्या वर्षभरात तुम्हाला कुणी एखाद्या कामासाठी बोलावलं होतं का?" हा प्रश्न हवाच. कुठला गट किती सेवा करतो याचे तक्ते सगळेच काढतात. त्या गटाला बोलावणं किती जातं, हा रकाना शेजारी नसला की तक्ता वाचणारा थेट लोकांच्या स्वभावावर घसरतो. मग "यांना समाजाची आवड आहे, त्यांना नाही" असं सुरू होतं आणि बैठक तिथेच संपते.

काय मोजायचं ते आधी ठरवा

हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळलं तर पुढे रडायची वेळ येते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने बोलावलेल्या श्रमसांख्यिकी तज्ज्ञांच्या १९व्या परिषदेने २०१३ साली एक व्याख्या मान्य केली. तीच उचला, नवीन बनवायच्या फंदात पडू नका. काम दुसऱ्यांसाठी केलेलं हवं, सक्तीचं नको, पैशासाठी नको, आणि ठरवलेल्या काळात, म्हणजे चार आठवड्यांत किंवा महिनाभरात, निदान एक तास तरी केलेलं हवं. येण्याजाण्याचा खर्च मिळाला किंवा थोडंफार मानधन मिळालं म्हणून काम बाद होत नाही. ती रक्कम स्थानिक मजुरीच्या एक तृतीयांशाहून कमी असली म्हणजे झालं.

बाद काय होतं? न्यायालयाने शिक्षा म्हणून लावलेली समाजसेवा. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून करावं लागणारं बिनपगारी काम. आणि कंपनीने पगारी वेळेत किंवा पगारी सुट्टी देऊन करायला पाठवलेलं काम. हा शेवटचा मुद्दा कंपन्यांच्या सीएसआर (म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या) विभागातल्या लोकांना अजिबात आवडत नाही. त्यांच्याकडे "आमच्या इतक्या कर्मचाऱ्यांनी झाडं लावली" असे फोटो असतात. झाडं लागली हे चांगलंच झालं, पण ते कामाच्या तासांत झालं. त्याचा वेगळा रकाना करा, टक्केवारीत मिसळू नका.

"दुसऱ्यांसाठी" या अटीत अजून एक मेख आहे. स्वतःच्या घरासाठी केलेलं काम धरायचं नाही, आणि दुसऱ्या घरात राहणाऱ्या नातेवाइकांसाठी केलेलंही नाही. भेट देणाऱ्या मुलांची इथे दमछाक होते, कारण दूरच्या नात्यातली माणसं शेजारीही असू शकतात. मी नात्यातली मदत वेगळ्या ओळीत लिहून घ्यायला सांगते. उंबरठ्यावर उभं राहून कुणाचं नातं किती लांबचं यावर वाद घालण्यापेक्षा, लिहून घ्या आणि नंतर टेबलावर बसून ठरवा.

या व्याख्येतली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे तिने सेवेचे दोन प्रकार मानलेत. संस्थेमार्फत केलेली आणि थेट दुसऱ्या घराला केलेली. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमाचा २०२२ चा अहवाल सांगतो की जगात १५ वर्षांवरची सुमारे ८६ कोटी माणसं, म्हणजे साधारण १५ टक्के, महिन्यातून कधीतरी स्वयंसेवा करतात. त्यात संस्थेमार्फत करणारे ६.५ टक्के आणि थेट मदत करणारे १४.३ टक्के. (बेरीज १५ च्या वर जाते, कारण काही जण दोन्ही करतात.) तुमच्या प्रश्नावलीत पहिलाच प्रकार असेल, तर निम्म्याहून जास्त माणसं तुमच्या जाळीतून सुटली.

दोन्ही प्रकार एकाच चालीने चालत नाहीत हे कोविडच्या साथीच्या काळात अगदी स्पष्ट दिसलं. अमेरिकेत संस्थेमार्फत सेवा करणाऱ्या प्रौढांचं प्रमाण २०१९ मध्ये ३० टक्के होतं. सप्टेंबर २०२० ते सप्टेंबर २०२१ या वर्षात ते २३.२ टक्क्यांवर आलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना थेट मदत करणारे मात्र ५१ टक्क्यांच्या आसपास होते तिथेच राहिले. संस्थांचे दरवाजे बंद झाले म्हणून रजिस्टरं रिकामी पडली. माणसं आपापल्या जागी करायचं ते करतच होती.

प्रश्न यादीने विचारा

एका पाहणीत मी नवीन लागलेल्या एका मुलीबरोबर बसले होते. समोर पन्नाशीच्या एक ताई. मुलीने फॉर्म उघडला आणि आपल्याच शब्दांत विचारलं, "ताई, तुम्ही मागच्या महिन्यात काही समाजकार्य केलंत का?"

"नाही गं, आपल्याला कुठला वेळ."

मुलीचं पेन "नाही" वर टेकणार, तेवढ्यात मी म्हटलं, यादी वाच.

"शेजारच्या किंवा ओळखीच्या कुणाला दवाखान्यात नेलंत?"

"ते नेलं ना. वरच्या मजल्यावर आजी आहेत, त्यांना दर बुधवारी ड्रेसिंगला न्यावं लागतं. मुलगा परगावी असतो."

"नात्यातल्या आहेत का त्या?"

"छे, नात्यातल्या कुठल्या."

"कुणाचा फॉर्म भरून दिलात, किंवा कागदपत्रांसाठी कुणाबरोबर गेलात?"

"फॉर्म आमची मुलगी भरते सगळ्यांचे. मी रांगेत उभी राहते."

"कुणाची मुलं सांभाळलीत, पैसे न घेता?"

यावर त्या हसल्याच. "हे पण लिहिणार का तुम्ही? शाळा सुटल्यावर दोघं जण आमच्याकडेच असतात, त्यांची आई कामावरून येईपर्यंत."

तास मांडले तर ताईंचा आठवडा संस्थेत नियमाने येणाऱ्या कित्येक पदाधिकाऱ्यांपेक्षा भरगच्च निघाला. पहिल्या प्रश्नावर थांबलो असतो तर त्या "काही करत नाहीत" या खान्यात गेल्या असत्या. आणि त्यांच्यासारख्या सगळ्याच गेल्या असत्या, म्हणजे तक्त्यात त्यांचा अख्खा गट निष्क्रिय दिसला असता.

तर यादी करा. दहा-बारा कामं पुरतात. आजारी माणसाला दवाखान्यात नेणं किंवा रात्री सोबत बसणं, मुलं सांभाळणं, फॉर्म आणि कागदपत्रं, कुणाला शिकवणं किंवा अभ्यास घेणं, सार्वजनिक जागेची सफाई वा दुरुस्ती, संस्थेच्या बैठका आणि हिशोब, वर्गणी किंवा निधी गोळा करणं, अन्नवाटप, खेळाचं प्रशिक्षण, आपत्तीतली मदत, प्राण्यांची काळजी, फोनवर किंवा ऑनलाइन केलेलं काम. प्रत्येकाला हो किंवा नाही. हो असेल तर तीन उपप्रश्न: चार आठवड्यांत किती तास, संस्थेमार्फत की स्वतःहून, आणि हे काम कसं सुरू झालं. शेवटच्या उपप्रश्नाला पर्याय ठेवा: मीच गेलो, कुणीतरी बोलावलं, नोकरीतून, मुलांच्या शाळेतून, आपोआप अंगावर आलं. "आपोआप अंगावर आलं" हा पर्याय पुस्तकी वाटत नाही म्हणून काही जण काढायला सांगतात. काढू नका. थेट मदत करणाऱ्या बायका सगळ्यात जास्त खूण तिथेच करतात.

काळ ठरवताना जपून. तासांसाठी चार आठवडे ठीक, त्यापलीकडचं लोकांना आठवत नाही. पण वर्षातून एकदाच पावसाळ्याआधी नाले साफ करायला जाणारा माणूस चार आठवड्यांत सापडणारच नाही, म्हणून "वर्षभरात कधी तरी?" हा प्रश्न वेगळा ठेवा. आणि वेगवेगळ्या काळाचे आकडे एका ओळीत मांडू नका. भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात सेवेसारख्या बिनमोबदला कामांत सहभागी माणसं २.४ टक्के निघाली. अमेरिकेच्या २०१५ च्या स्वयंसेवा सर्वेक्षणात २४.९ टक्के. पहिला आकडा एका दिवसाचा, पहाटे चार ते दुसऱ्या दिवशी पहाटे चार. शिवाय त्यात बिनपगारी उमेदवारीचं कामही धरलेलं. दुसरा आख्ख्या वर्षाचा, आणि तोही फक्त संस्थेमार्फत केलेल्या कामाचा. हे दोन आकडे शेजारी ठेवून "बघा, तिकडचे लोक दहापट सेवाभावी" असं कुणी म्हणालं, तर त्याला चहा पाजा आणि तक्त्याखालची टीप वाचायला द्या.

उत्तर कोण देतंय

घरात जो आधी दार उघडतो तोच सगळ्यांची उत्तरं देतो. बहुतेक वेळा घरातला कर्ता पुरुष. बायको काय करते हे त्याला माहीत असतं असं त्याला वाटतं. ज्याचं उत्तर हवंय त्याच्याच तोंडून घ्या, तो भेटला नाही तर पुन्हा जा, आणि परत जाण्याची वेळ बदला. सकाळी अकराला बंद असलेलं दार दुसऱ्या दिवशी सकाळी अकरालाही बंदच असतं. पाळीत काम करणारे, घरकामाला जाणाऱ्या बायका, भाड्याने राहणारी एकटी तरुण मुलं ही मंडळी अशाने गळतात. नंतर तीच मंडळी "येत नाहीत" या यादीत दिसतात.

गूगल फॉर्म व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकून पाहणी केली असं मला कुणी सांगितलं की मी तक्ता बघायचं टाळते. ज्या ग्रुपवर तो फॉर्म गेला, त्या ग्रुपवर मुळात सेवेत असलेलेच लोक आहेत.

यामागे जरा खोल गोष्ट आहे. जो माणूस सेवेला वेळ देतो तोच तुमच्या पाहणीलाही वेळ देतो. कॅथरीन अब्राहम आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २००९ साली हे चांगलं पकडलं. अमेरिकेत एका सर्वेक्षणात सेवेबद्दल उत्तर दिलेल्या लोकांपैकी काहींना नंतर दुसऱ्या, वेळेच्या डायरीच्या सर्वेक्षणात बोलावलं जायचं. दुसऱ्यांदा उत्तर देणाऱ्यांमध्ये स्वयंसेवकांचं प्रमाण न देणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त निघालं. म्हणजे नकार जितके जास्त, तितकी तुमची टक्केवारी फुगलेली. दिलासा एवढाच की गटागटांतला फरक, म्हणजे शिक्षण किंवा वयाप्रमाणे कोण जास्त आणि कोण कमी, यावर त्याचा फारसा परिणाम त्यांना दिसला नाही. त्यामुळे "आमच्या भागात ४० टक्के लोक सेवा करतात" हे वाक्य छापताना हात आखडता घ्या. "अमुक गट तमुक गटापेक्षा जास्त" हे जरा धीराने म्हणता येतं.

नकार देणाऱ्यांची नोंद ठेवा: दार क्रमांक, अंदाजे वय, स्त्री की पुरुष, बस्स.

गटांचे तक्ते

आता मुख्य काम. मोठ्या सर्वेक्षणांत काय दिसतं ते डोळ्यासमोर असलं की आपला तक्ता विचित्र आहे की नेहमीचा हे कळतं. मी सहसा अमेरिकेचं २०१५ चं सर्वेक्षण शेजारी ठेवते, कारण ते मोठं आहे आणि गटवार आकडे मोकळेपणाने दिलेत. तिथलं समाजजीवन वेगळं, पण आकड्यांचा उतार बराचसा ओळखीचा वाटतो.

शिक्षणाचा उतार सगळ्यात तीव्र. पंचविशीच्या वरच्या पदवीधरांत ३८.८ टक्के, बारावीपर्यंत शिकलेल्यांत १५.६, आणि तेवढंही शिक्षण पुरं न झालेल्यांत ८.१. हा तक्ता दाखवला की बैठकीत कुणीतरी समाधानाने मान डोलावतं: शिक्षणाने जाणीव येते. थोडं थांबा. संस्थेतली कामं कशी असतात ते बघा. इतिवृत्त लिहा, हिशोब ठेवा, मुलांना गणित शिकवा, अर्जाचा मसुदा करा, सभेत बोला. ही कामं शिकलेल्या माणसाच्या मापाने कापलेली आहेत. शिवाय पदवीधराची नोकरी बहुधा अशी असते की दुपारी एक फोन घेता येतो, एखाद दिवस लवकर निघता येतं. त्याचे सहकारी, वर्गमित्र कुठल्या ना कुठल्या संस्थेत असतात, म्हणून त्याच्यापर्यंत निरोप पोचतो. थेट मदतीचा तक्ता वेगळा काढला की ही दरी बरीच अरुंद होते. माझ्या पाहण्यांत हे इतक्या वेळा दिसलंय की आता मी दोन्ही तक्ते एकाच पानावर छापायचा आग्रह धरते. वेगळ्या पानांवर छापले तर दुसरं पान कुणी उलटत नाही.

कामाधंद्याचा तक्ता लोकांना चक्रावून टाकतो. वेळ असेल तो सेवा करेल हा आपला साधा हिशोब. त्याच सर्वेक्षणात अर्धवेळ नोकरी करणारे ३१.१ टक्के, पूर्णवेळ नोकरीवाले २६.३, बेरोजगार २३.३, आणि नोकरीच्या बाजारातच नसलेले २१.४. ज्यांच्याकडे दिवस मोकळा, ते खाली. नोकरी सुटली की वेळ मिळतो, पण रोज भेटणारी माणसंही सुटतात, आणि बोलावणारी तीच असतात. खिसा रिकामा असेल तर बसभाड्याचाही प्रश्न येतो. "निवृत्त झालात ना, आता या" असं म्हणणाऱ्यांनी हा तक्ता भिंतीवर लावावा.

वयाचं काय? ३५ ते ४४ वयाचे सगळ्यात वर, २८.९ टक्के, २० ते २४ चे सगळ्यात खाली, १८.४; पासष्टीच्या पुढे २३.५. मधल्या वयातली चढण मुलांमुळे आहे: अठराच्या आतली मुलं असलेल्या पालकांत ३१.३ टक्के, बाकीच्यांत २२.६. शाळा आणि खेळाची मैदानं पालकांना ओढून नेतात. पण टक्केवारीवर थांबलात तर म्हाताऱ्यांवर अन्याय होईल. सेवा करणाऱ्यांनी वर्षात दिलेल्या तासांचा मध्यांक (अर्धे जण त्याहून कमी देतात, अर्धे जास्त) एकूण ५२ होता आणि पासष्टीच्या वरच्यांचा ९४. कमी माणसं येतात, येतात ती मुरून बसतात. म्हणून किती जण आणि किती तास हे दोन रकाने वेगळे ठेवा. जमलं तर तिसराही ठेवा: कुठलं काम. ठरवणाऱ्या समितीत कोण आणि खुर्च्या लावणाऱ्यांत कोण, हे तिसऱ्या रकान्यात दिसतं, आणि बरेचदा खरी विषमता तिथेच बसलेली असते.

बायका आणि पुरुष. इथे देश बदलला की आकडा उलटतो, आणि हेच मला सगळ्यात शिकवून गेलं. अमेरिकेच्या त्या सर्वेक्षणात स्त्रिया २७.८ टक्के, पुरुष २१.८. भारताच्या वेळ-वापर सर्वेक्षणात एका दिवसात पुरुष २.७ टक्के, स्त्रिया २ टक्के. मग भारतातल्या स्त्रिया कमी सेवाभावी? त्याच सर्वेक्षणातली पुढची ओळ वाचा. घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात दिवसभरात ८१.२ टक्के स्त्रिया आणि २६.१ टक्के पुरुष. जे करतात त्यांचा वेळ, स्त्रिया २९९ मिनिटं, पुरुष ९७. पाच तास घरात गेले. उरलेल्या दिवसातून "दुसऱ्यांसाठी" किती काढायचे? संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अहवालाचा अंदाज तर असा की जगभरातल्या एकूण स्वयंसेवेत स्त्रियांचा वाटा ५७ टक्के, आणि थेट मदतीत ५९. तेव्हा तुमच्या पाहणीत घरकामाच्या तासांचा एक प्रश्न घाला. नुसताच अंदाजे घेतलात तरी चालेल. त्याशिवाय स्त्री-पुरुष तक्ता काढूच नका असं माझं स्पष्ट मत आहे.

भाषा, धर्म, जात, वंश, स्थलांतरित की जुने रहिवासी, अपंगत्व: हे प्रश्न शेवटी विचारा, ऐच्छिक ठेवा, आणि का विचारतोय ते एका वाक्यात सांगा. या गटांचा तक्ता कधीही एकटा बाहेर काढू नका. त्याच शिक्षणाच्या, त्याच उत्पन्नाच्या लोकांमध्ये फरक उरतो का ते आधी बघा. पुष्कळदा वरवर दिसणारा फरक आतून शिक्षणाचा, भाड्याच्या घराचा किंवा "इथे येऊन किती वर्षं झाली" याचा निघतो. नव्याने आलेल्या माणसाला बोलावणार कोण, त्याचं नावच कुणाच्या फोनमध्ये नाही.

किती माणसांवर किती बोलावं

एक ठोकताळा पाठ करा. एकला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागा, तेवढी चूक धरा. ४०० माणसं, वर्गमूळ २०, म्हणजे पाच टक्के इकडे-तिकडे. १०० माणसं, दहा टक्के. २५ माणसं, वीस टक्के. हेही माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली असतील तरच. आता तुमच्या चारशेंच्या पाहणीत "पंचविशीच्या आतल्या, नोकरी नसलेल्या मुली" अकरा आहेत आणि त्यातल्या तिघी सेवा करतात. २७ टक्के असं छापू नका. "अकरापैकी तीन" लिहा. अगदी लहान गटांसाठी माझी सवय अशी की टक्केवारी न काढता त्यांच्याशी जाऊन तासभर बोलायचं. त्यातून जास्त कळतं, खर्चही कमी.

बोलावण्याचा रकाना

आता माझ्या हट्टाच्या प्रश्नाकडे. अमेरिकेच्या त्याच सर्वेक्षणात स्वयंसेवकांना विचारलं होतं, मुख्य संस्थेत कसे आलात? सुमारे ४१ टक्के म्हणाले, कुणीतरी बोलावलं. साधारण तितकेच म्हणाले, आम्हीच गेलो. म्हणजे रजिस्टरातल्या दर पाच नावांतली दोन तरी कुणाच्या तरी बोलावण्यावर आलेली आहेत.

तुमच्या तक्त्यात प्रत्येक गटासमोर तीन आकडे मांडा: किती जणांना बोलावणं गेलं, बोलावलेल्यांपैकी किती आले, न बोलावता किती आले. काही गटांत बोलावणं गेलेलेच थोडे दिसतील, पण गेलेल्यांपैकी बरेच आलेले असतील. तिथे तुमचं काम बोलावण्याचं आहे. काही गटांत बोलावणी भरपूर आणि आलेले कमी. तिथे कामाची वेळ, जागा, येण्याजाण्याचा खर्च, मुलं कुणाकडे ठेवायची, हे तपासा.

अर्थात हा आकडा भोळेपणाने वाचू नये. आपण बोलावतो कुणाला? जो येईल असं वाटतं त्याला. त्यामुळे बोलावलेल्यांत आलेले जास्त दिसणारच, त्याचं सगळं श्रेय बोलावण्याला नाही. खात्री करायची तर छोटा प्रयोग करा. ज्या गटाला कधीच विचारलं नाही, त्यातली पन्नास नावं घ्या आणि चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन भाग करा. एका भागाला नेहमीचा मेसेज पाठवा. दुसऱ्या भागाला ओळखीच्या कुणीतरी प्रत्यक्ष भेटून विचारावं, आणि विचारताना काम, दिवस आणि तास ठरवून सांगावेत: "शनिवारी चार ते सहा, पुस्तकांना नंबर टाकायचेत, याल का?" "कधीतरी या की" याला बोलावणं म्हणत नाहीत. महिन्याने दोन्ही भागांतले किती आले ते मोजा. पन्नास माणसं फार नाहीत, वरचा ठोकताळा इथेही लागू, पण फरक मोठा असेल तर दिसतोच.

आणि पाहणीचे निकाल ज्या गटाबद्दल आहेत त्यांना आधी दाखवा, समितीला नंतर. आकड्यांमागचं कारण ते दोन मिनिटांत सांगतात. एका ठिकाणी एका गल्लीतून कुणीच येत नव्हतं. समितीचे तर्क चालले होते अनास्थेपासून राजकारणापर्यंत. गल्लीतल्या लोकांनी तक्ता बघितला आणि सांगितलं की बैठकीच्या वेळेलाच तिकडे पाणी येतं.

पुढच्या वर्षी

पाहणी पुन्हा करणार असाल तर प्रश्नाचा एकही शब्द बदलू नका. अमेरिकेने २०१७ पासून आपल्या सर्वेक्षणातले प्रश्न बदलले, त्यामुळे २०१५ पर्यंतचे आणि त्यानंतरचे आकडे सरळ एका रेषेत जोडता येत नाहीत. एवढ्या मोठ्या सर्वेक्षणाची ही गत, तर आपलं काय. बदलणं अगदीच भाग असेल तर एका वर्षी निम्म्या लोकांना जुना प्रश्न आणि निम्म्यांना नवा विचारा, कुणाला कुठला ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. दोन्हींतला फरक लिहून ठेवा, म्हणजे जुने आकडे वाया जात नाहीत. यादीत नवीन काम घालायचं असेल तर शेवटी घाला, मधे घुसवू नका. कोरी प्रश्नावली, भेट देणाऱ्यांना दिलेल्या सूचना आणि नकारांची नोंद एका फोल्डरमध्ये तारखेसकट ठेवा. भरलेल्या फॉर्मवरची नावं आणि फोन नंबर तक्ते पक्के झाले की खोडून टाका. पुढच्या वर्षी हे काम दुसराच कुणी करणार असेल हे धरून चाला, आणि त्याच्यासाठी एका पानावर लिहून ठेवा की तुम्ही कुठल्या दारांवर किती वाजता गेला होतात.